इच्छा मंदावली तर लाजू नका, इलाज करा

ताप आला तर आपण चारचौघांत सांगतो. दाढ दुखली तर गालाला हात लावून बसतो. शेजारी विचारतो, आपण सांगतो. पण एक दुखणे असे आहे, की ते माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही. बाई आपल्या आईला सांगत नाही. एका अंथरुणावर निजणारे नवरा-बायकोही ते एकमेकांना सांगत नाहीत.

ते दुखणे म्हणजे नवरा-बायकोने जवळ येण्याची इच्छाच मंदावणे. पुस्तकात या इच्छेला 'कामेच्छा' म्हणतात. बोलताना लोक म्हणतात, "मनच होत नाही."

आम्ही मास्तर आहोत, डॉक्टर नव्हे. औषध देणे आमचे काम नाही. पण कोणत्या दाराशी जावे आणि कोणत्या दाराशी जाऊ नये, एवढे सांगणे मास्तराचे काम आहे. म्हणून हा धडा. तो नवऱ्याने वाचावा, बायकोनेही वाचावा. जमल्यास दोघांनी मिळून वाचावा.

१. दुखणे केव्हा म्हणावे?

जेवणाची भूक सर्वांना सारखी नसते. कोणी दोन भाकरी खातो, कोणी चार. तसेच या इच्छेचे आहे. आठवड्यातून इतक्या वेळा झालेच पाहिजे, असे माप कोणत्याही शास्त्राने घालून दिलेले नाही. पंचविशीत असते तितकी इच्छा पन्नाशीत नसते. सुगीच्या दिवसांत दिवसभर राबल्यावर माणूस अंथरुणावर पडताच झोपी जातो. हे दुखणे नव्हे.

काही माणसांना जन्मापासूनच ही इच्छा कमी असते. त्याचा त्यांना त्रास होत नसेल, तर तोही रोग नव्हे. नवरा-बायको दोघेही समाधानी असतील, तर तिसऱ्याने नाव ठेवण्याचे कारण नाही.

मग दुखणे केव्हा म्हणावे? पूर्वी इच्छा होती, ती गेली. महिने लोटले तरी परत आली नाही. आणि त्याचा मनाला घोर लागला, किंवा घरात तंटा सुरू झाला. सहा महिने असे चालले, तर डॉक्टर त्याला दुखणे समजतात. सोबत दुसरी काही लक्षणे असतील, तर सहा महिने वाट पाहत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा.

२. 'कमजोरी' हा एक शब्द, तक्रारी तीन

गावात सगळ्याला मिळून 'कमजोरी' म्हणतात. पण त्यात तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत.

पहिली, इच्छाच होत नाही. दुसरी, इच्छा होते पण इंद्रियाला ताठपणा येत नाही. तिसरी, सारे होते पण फार लवकर आटोपते.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. वीजच नसेल तर मोटार चालणार नाही. वीज आहे पण पाइप चोंदला असेल, तरी पाणी येणार नाही. दोन्ही वेळा पाट कोरडाच. पण वीज नसताना पाइप बदलून काय उपयोग? म्हणून डॉक्टरपुढे नुसते "कमजोरी आहे" असे म्हणू नये. तिन्हींपैकी काय होते, ते नीट सांगावे. इलाज त्यावर ठरतो.

३. इच्छा का मंदावते?

ही इच्छा मनात उठते, पण तिला शरीराची साथ लागते. शरीरात काही ग्रंथी आहेत. त्या रक्तात रस सोडतात. त्या रसांना 'संप्रेरके' म्हणतात. पुरुषाच्या वृषणांत 'टेस्टोस्टेरॉन' नावाचे संप्रेरक तयार होते. बाईच्या अंगातही ते थोडे असते. बाईच्या बीजकोशांत 'इस्ट्रोजेन' तयार होते. गळ्याजवळ थायरॉईड ग्रंथी आहे, तिचेही संप्रेरक आहे. यांपैकी एखादे कमी पडले, की शरीर सुस्तावते आणि इच्छाही मंदावते.

आणखी कारणे पुष्कळ आहेत.

मधुमेह, म्हणजे लोक ज्याला 'साखर' म्हणतात तो रोग. रक्त कमी असणे. मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे जुने दुखणे. रोजची दारू. रात्रीची अपुरी झोप. अंगातले कायमचे दुखणे.

काही औषधांनीही इच्छा कमी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, मनाच्या आजाराच्या काही गोळ्या, त्यांचा हा गुण आहे. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रक्तदाबाची गोळी एकाएकी सोडली तर जीव धोक्यात येतो. डॉक्टरला सांगावे. ते गोळी बदलतात किंवा मात्रा कमी करतात.

मनाची कारणे तर याहून मोठी. सावकाराचे देणे, नापिकी, मुलीच्या लग्नाची काळजी. घरातला धुसफुशीचा वारा. एकाच खोलीत सासू-सासरे आणि वाढती मुले. आणि उदासपणाचा आजार. कशातच गोडी वाटत नाही, झोप उडते, जेवण जात नाही, जगणे नको वाटते. असे दोन आठवडे चालले तर तो आजार असू शकतो. त्याला औषध आहे. जीव द्यावासा वाटला, तर एक क्षणही एकटे राहू नये. घरच्या माणसाला सांगावे. १४४१६ या सरकारी नंबरवर रात्री-बेरात्री केव्हाही फोन करावा. हा नंबर 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा असून फोनला पैसे पडत नाहीत.

४. बाईची गोष्ट निराळी

पुष्कळांना वाटते, बाईला इच्छा नसली तर काय बिघडले? पुष्कळ बिघडते. बाईलाही मन आहे.

बाळंतपणानंतर अंग थकलेले असते. बाळ अंगावर पीत असते, तेव्हा संप्रेरके बदललेली असतात. त्या दिवसांत इच्छा कमी होणे स्वाभाविक आहे. नवऱ्याने धीर धरावा.

पाळी कायमची जाते तेव्हा इस्ट्रोजेन कमी होते. जागा कोरडी पडते. मग संगाच्या वेळी दुखते. दुखते म्हणून मन मागे सरते. लोक म्हणतात, "हिचे मन उडाले." मन उडालेले नसते. दुखत असते. अंगावरून पांढरे जात असेल, खाज असेल, तरीही असेच होते.

आणखी एक गोष्ट. बीड जिल्ह्यात ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांत गर्भपिशवी काढलेल्यांची संख्या फार मोठी आढळली. २०१९ साली राज्य सरकारला त्याची चौकशी करावी लागली. गर्भपिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर संप्रेरके एकदम तुटतात. अंगाला वाफा येतात, हाडे ठिसूळ होतात, इच्छाही जाते. म्हणून पिशवी काढा असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा. बीजकोश राहणार की जाणार, हे आधी विचारावे.

५. एका घरची हकीकत

एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. अशी घरे गावोगाव आहेत.

वय ४५. सहा महिने झाले, तो बायकोच्या वाऱ्याला उभा राहीना. बायकोला वाटले, याचे बाहेर काही आहे. आईला वाटले, सूनच कजाग. त्याने कोणाला काही सांगितले नाही. बाजारच्या दिवशी तो एका तंबूत शिरला. तंबूवाल्याने नाडी पाहिली आणि म्हटले, "धातू गेली आहे. चाळीस दिवसांचे औषध घे." दोन शेळ्या विकून पैसे भरले.

औषध घेतले की तोंड लाल होई, डोके दुखे, छाती धडधडे. दोन-चार वेळा ताठपणा आला. इच्छा काही आली नाही. औषध संपले, पैसे संपले.

एकदा आशाताई घरी आल्या. बायको सहज म्हणाली, "ह्यांना रात्रीतनं पाच-पाच वेळा उठावं लागतंय. पाणी पिऊन पिऊन घागर रिकामी करत्यात."

आशाताई म्हणाल्या, "भाऊ, उद्या आरोग्य केंद्रात चला. वहिनी, तुम्हीपण चला."

रक्त तपासले. साखर फार वाढलेली होती. डॉक्टरांनी बायकोचेही रक्त तपासले. तिच्या अंगात रक्त कमी होते.

शेतकरी खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आणखी एक आहे. पण कसं सांगू?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, रोज कोणी ना कोणी सांगतं. सांगा."

त्याने सांगितले. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. तंबाखू आणि दारू सुटली. बायकोला लोहाच्या गोळ्या मिळाल्या. चार-पाच महिन्यांनी दोघांच्या अंगात हुशारी आली. सगळे विशीसारखे झाले, असे नाही. पण संशय गेला, अबोला गेला. शेळ्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

६. डॉक्टर काय तपासतात?

आधी ते विचारपूस करतात. केव्हापासून? कोणती औषधे चालू आहेत? झोप कशी आहे? घरात काय चालले आहे? लपवू नये. दारूचे तर मुळीच लपवू नये. नंतर रक्त तपासतात. साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहतात.

पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन पाहायचे असेल, तर रक्त सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान, उपाशीपोटी देतात. कारण हे संप्रेरक सकाळी जास्त असते, दुपारी उतरते. एकदा कमी दिसले म्हणून भागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे लागते. दोन्ही वेळा कमी आले, आणि लक्षणेही जुळली, तरच ते कमी आहे असे धरतात.

कधी 'प्रोलॅक्टिन' नावाचे संप्रेरक वाढलेले असते. मेंदूखालच्या एका लहान ग्रंथीत गाठ झाली तर ते वाढते. इच्छा गेली, डोके दुखते, नजर कमी झाली, अंगावर पाजत नसता स्तनांतून दूध येते, अशी लक्षणे दिसली तर हयगय करू नये. या गाठीवर गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही.

७. इलाज कोणते?

पहिला इलाज मूळ कारणाचा. साखर असेल तर साखर ताब्यात आणणे. रक्त कमी असेल तर ते वाढवणे. थायरॉईड कमी असेल तर रोज एक गोळी, सकाळी उपाशीपोटी. गोळीनंतर निदान अर्धा तास चहा घ्यायचा नाही.

दुसरा इलाज बोलण्याचा. याला 'समुपदेशन' म्हणतात. नवरा-बायको दोघांना बसवून डॉक्टर किंवा समुपदेशक बोलतात. त्यात एक रीत आहे. काही आठवडे संग करायचा नाही, असे आधीच ठरवायचे. फक्त जवळ बसायचे, हात हातात घ्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा, बोलायचे. त्यामुळे 'जमेल की नाही' ही भीती जाते. भीती गेली की इच्छेला वाट मिळते. अमेरिकेतील मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० साली आपल्या पुस्तकात ही रीत मांडली. आजही ती वापरतात.

तिसरा इलाज टेस्टोस्टेरॉनचा. ते सुईने किंवा अंगाला चोळायच्या मलमाने देतात. हे संप्रेरक शास्त्रज्ञांनी १९३५ साली प्रथम प्रयोगशाळेत तयार केले. ज्या पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे, त्याला याचा गुण येतो. ज्याचे पुरेसे आहे, त्याने घेऊ नये. आणि हे नीट ध्यानात ठेवा, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की अंगात शुक्रजंतू तयार होणे कमी होते किंवा थांबते. ज्याला मूल हवे आहे, त्याने हे औषध घेऊ नये. रक्त फार दाट होते का, पुरःस्थ ग्रंथी ठीक आहे का, हेही डॉक्टर अधूनमधून पाहतात. पाळी गेलेल्या काही बायकांनाही तज्ज्ञ डॉक्टर हे औषध अगदी थोड्या मात्रेत देतात. पुरुषाचे औषध बाईने परस्पर लावू नये.

चौथा इलाज बाईच्या कोरडेपणाचा. औषधाच्या दुकानात पाण्यासारखी बुळबुळीत मलमे मिळतात. त्याने दुखणे कमी होते. निरोध वापरत असाल तर तेल लावू नका, तेलाने निरोध फाटतो. पाळी गेलेल्या बाईला डॉक्टर जागेवर लावायचे इस्ट्रोजेनचे मलम देतात.

बाईची इच्छा वाढावी म्हणून अमेरिकेत दोन औषधे निघाली. 'फ्लिबॅन्सेरिन' या गोळीला २०१५ साली आणि 'ब्रेमेलॅनोटाइड' या सुईला २०१९ साली तिथे मंजुरी मिळाली. ती आधी पाळी चालू असलेल्या स्त्रियांसाठी होती. पण त्यांचा गुण थोडाच आहे. गोळीने रक्तदाब उतरून घेरी येते, सोबत दारू घेतली तर धोका वाढतो. सुईने मळमळते. तेव्हा ही जादूची औषधे नव्हेत.

आता निळ्या गोळीविषयी. तिचे नाव 'सिल्डेनाफिल'. ती १९९८ साली बाजारात आली. ती इंद्रियाकडे रक्त जास्त नेते. म्हणजे ती पाइप मोकळा करते, वीज आणत नाही. मनात इच्छा नसेल तर गोळीचा उपयोग नाही. ती डॉक्टरला विचारूनच घ्यावी. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी ही निळी गोळी कधीही घेऊ नये. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब एकदम पडतो आणि प्राण जाऊ शकतो. आणखी एक. पुरुषाला ताठपणा न येणे ही कधी कधी हृदयरोगाची आगाऊ सूचना असते. म्हणून गोळी घेऊन गप्प बसू नये, तपासून घ्यावे.

८. तंबूतले औषध

बाजारात तंबू असतो. भिंतीवर जाहिरात असते. मोबाईलवरही येते. "गुप्त रोग, हमखास इलाज." असल्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ सालापासून कायद्याने बंदी आहे. संभोगाची ताकद वाढवतो अशी औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. जो पहिल्या पायरीलाच कायदा मोडतो, त्याच्या हाती आपले शरीर का द्यावे?

'जडीबुटी' म्हणून विकलेल्या कित्येक पुड्यांत हीच निळी गोळी कुटून घातलेली सापडली आहे. वर सांगितलेल्या शेतकऱ्याची छाती का धडधडली, ते आता कळले ना? काही भस्मांत शिसे आणि पारा सापडला आहे. त्याने मूत्रपिंडे आणि मज्जातंतू बिघडतात.

तंबूवाला भीती विकतो. तो म्हणतो, "रक्ताच्या शंभर थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो." हे खोटे आहे. वीर्य रक्त आटून होत नाही. ते ग्रंथींत सतत नव्याने तयार होते. स्वप्नात वीर्य गेले, किंवा हाताने गेले, तर शक्ती जात नाही. त्याने इच्छाही मरत नाही. पण भीतीने मात्र माणूस खरोखर खंगतो.

तसाच एक गैरसमज नसबंदीचा. नसबंदीत शुक्रजंतूंची नळी बांधतात. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जात नाही, ते रक्तातून जाते. म्हणून नसबंदीने पुरुषाची इच्छा किंवा ताकद कमी होत नाही.

९. घरातले औषध

डॉक्टरच्या औषधाला घरातल्या औषधाची जोड हवी. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला पाणीही भरायचे, भाकरीही थापायच्या, मुलांनाही निजवायचे. मग रात्री तिला मन कुठले राहणार? नवऱ्याने दोन घागरी पाणी आणले, तर तेही औषधच आहे. बायकोनेही नवऱ्याला टोचून बोलू नये. चारचौघांत तर मुळीच नाही.

आणि बायकोची इच्छा नसताना तिच्यावर जबरदस्ती करणे हा इलाज नव्हे. तो अन्याय आहे. जबरदस्तीने असलेली इच्छाही मरते.

हे विषय उघड बोलणे आपल्या भाषेला नवीन नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. १९५३ साली मरेपर्यंत ते चालवले. स्त्रीलाही इच्छा असते, तिलाही सुखाचा हक्क आहे, हे त्यांनी मराठीत छापून सांगितले. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला, पण त्यांनी मासिक बंद केले नाही. त्यांनी दंड भरून जे सांगितले, ते आपण आज फुकट वाचतो. मग दवाखान्यात दोन शब्द बोलायला आपण का लाजावे?

ध्यानात ठेवा

इच्छा कमी-जास्त होणे स्वाभाविक आहे. त्रास होऊ लागला तर ते दुखणे आहे.
आधी कारण शोधा, मग औषध घ्या.
चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.
तंबूत जाऊ नका. आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जा.
शक्य तर नवरा-बायको दोघे जा.

प्रश्न

१. 'कमजोरी' या शब्दात कोणत्या तीन तक्रारी येतात?
२. शेतकऱ्याच्या दुखण्याचे खरे कारण काय निघाले?
३. निळी गोळी कोणी कधीही घेऊ नये?
४. मूल हवे असलेल्या पुरुषाने टेस्टोस्टेरॉन का घेऊ नये?
५. तुमच्या गावाला जवळचे आरोग्य केंद्र कोणते? त्याचे नाव वहीत लिहा.

शब्दांचे अर्थ

संप्रेरक – ग्रंथींतून रक्तात जाणारा रस
वृषण – पुरुषाच्या अंडकोशातील गोळ्या
बीजकोश – बाईच्या पोटातील, गर्भपिशवीच्या दोन बाजूंच्या ग्रंथी
पुरःस्थ ग्रंथी – पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी, प्रोस्टेट
समुपदेशन – बोलून, समजून घेऊन दिलेला सल्ला
हयगय – दुर्लक्ष, चालढकल